व्हेराक्रिप्ट: एका कॉम्प्युटरवर चौघं बसतात तेव्हा

ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. आयकर विवरणाच्या पोचपावतीचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि पुढे जन्मतारीख. परक्या माणसाला हे थोडं जड जाईल. पण भावाला, मेव्हण्याला किंवा ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला तुमची जन्मतारीख वेगळी सांगावी लागत नाही. केक त्यांनीच आणलेला असतो, आणि पॅनकार्डाची झेरॉक्सही बहुतेक वेळा त्यांनीच काढून दिलेली असते.

कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल जे काही सांगितलं जातं, ते सगळं दूरच्या चोराला धरून असतं: फसवी लिंक, व्हायरस, बँकेच्या नावाने येणारा फोन. जवळच्या माणसाचं प्रकरण निराळं. त्याला तुमच्या कॉम्प्युटरवर बसायचा हक्क असतो, कित्येकदा तो कॉम्प्युटर त्याचाही असतो, आणि त्याच्या मनात काही वाईट असेलच असंही नाही. कॉलेजचं प्रोजेक्ट शोधायला 'डाउनलोड्स' उघडलं आणि समोर पगाराची स्लिप, रक्ताचा रिपोर्ट नाहीतर वकिलाची नोटीस आली, एवढं पुरतं. व्हेराक्रिप्ट, म्हणजे फाइली पासवर्डाच्या पेटीत बंद करून ठेवणारं सॉफ्टवेअर, आम्ही या एकाच कसोटीवर पाहिलं आहे: शेजारी बसणाऱ्यापासून ते काय वाचवतं आणि काय वाचवत नाही.

निकाल आधीच सांगतो. कॉम्प्युटर एकाहून जास्त माणसं वापरत असतील आणि झाकून ठेवायची कागदपत्रं एका गठ्ठ्यात मावणारी असतील, तर व्हेराक्रिप्ट घ्याच. फुकट आहे, जाहिराती नाहीत, कुठे खातं उघडावं लागत नाही. पण हे आळशी माणसाचं साधन नव्हे. पेटी उघडी टाकून चहाला जाणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. पासवर्ड विसरणाऱ्याला तर ते धोक्याचंच आहे, कारण 'फरगॉट पासवर्ड' असं बटणच त्यात नाही.

विंडोजचा पासवर्ड असताना हे कशाला?

घरातल्या प्रत्येकाला विंडोजचं वेगळं खातं काढून द्या, हा सल्ला बरोबर आहे आणि तो पहिला पाळा. पण त्याला दोन भोकं आहेत. एक, बहुतेक घरांत सगळीच खाती 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असतात. असा माणूस आपल्या खात्यातून सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स' फोल्डरात तुमच्या नावावर क्लिक करतो. विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. खाली 'कंटिन्यू'चं बटण असतं. ते दाबलं की फोल्डर उघडतं, आणि ती परवानगी पुढेही तशीच राहते. दुसरं भोक पेन ड्राइव्हचं. उबुंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केली की एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) न केलेली हार्ड डिस्क सरळ वाचता येते. विंडोजचा पासवर्ड कुणी विचारतच नाही, कारण विंडोज चालूच झालेलं नसतं.

दुसरं भोक बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजचीच सोय, बुजवतं. ते विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत मिळतं. होममध्ये हार्डवेअर जुळत असेल तर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने त्याचंच धाकटं भावंड असतं. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तर ते बहुधा आपोआप चालू होतं आणि रिकव्हरी की (अडल्यावर डिस्क उघडायची किल्ली) त्या खात्यात जाऊन बसते. लोकलमध्ये लॅपटॉप गेला, तर बिटलॉकरसारखा आधार नाही. पण विंडोज एकदा सुरू झालं की डिस्क सगळ्यांनाच उघडी असते, अ‍ॅडमिन असलेल्या भावालाही. बिटलॉकर म्हणजे फ्लॅटच्या दाराचं लॅच. घरात शिरल्यावर गोदरेजच्या कपाटातला आतला लॉकर लागतो, आणि व्हेराक्रिप्ट ते काम करतं.

त्याचा वंश सांगायला हवा, कारण अशा साधनात विश्वास हाच माल असतो. २००४ मध्ये ट्रूक्रिप्ट नावाचं असंच साधन आलं आणि वर्षानुवर्षं जगभर वापरलं गेलं. २८ मे २०१४ रोजी त्याच्या साइटवर अचानक सूचना झळकली की हे आता सुरक्षित धरू नका, बिटलॉकरकडे वळा. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, फ्रान्समध्ये मुनीर इद्रासी यांनी ट्रूक्रिप्ट ७.१ए च्या कोडवरून व्हेराक्रिप्ट काढलं होतं. कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. २०१६ मध्ये ओस्टिफ या संस्थेच्या पैशातून क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने तो तपासला. गंभीर दोष सापडले, ते जाहीर झाले आणि त्यातले बरेचसे १.१९ या आवृत्तीत दुरुस्त झाले. दोष सापडलेलं आणि दुरुस्त झालेलं साधन आम्हाला 'आमच्यात दोषच नाहीत' म्हणणाऱ्या साधनापेक्षा बरं वाटतं.

एक अडचण आधीच पाहून ठेवा. १.२६.७ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला आहे आणि जुन्या ट्रूक्रिप्टच्या पेट्याही उघडत नाहीत. त्यासाठी १.२५.९ लागतं. जुनी पेटी असेल, तर १.२५.९ मध्ये ती उघडून आतला माल नव्या पेटीत हलवा आणि मगच पुढची आवृत्ती टाका.

पेटी बनवताना

व्हेराक्रिप्ट अख्खी डिस्कही एन्क्रिप्ट करतं. घरच्या कॉम्प्युटरवर ते करू नका, तिथे बिटलॉकर सुटसुटीत आहे. आपल्याला हवा आहे तो 'फाइल कंटेनर', म्हणजे बाहेरून एकच मोठी फाइल दिसणारी आणि पासवर्ड दिला की वेगळा ड्राइव्ह म्हणून उघडणारी पेटी.

इन्स्टॉल करताना विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करू का, असा प्रश्न येतो. हो म्हणा. फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन हा अर्धाच शटडाउन असतो, विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. कुलपाच्या मामल्यात असला अर्धेपणा नको.

मग 'क्रिएट व्हॉल्यूम', 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर', 'स्टँडर्ड'. पुढच्या खिडकीत 'सिलेक्ट फाइल' म्हटलं जातं, आणि सगळ्यात महागाची चूक इथेच होते. माणसाला वाटतं, जी फाइल लपवायची ती इथे निवडायची. लग्नाच्या फोटोंची झिप निवडली, पुढच्या इशाऱ्याला न वाचता 'येस' म्हटलं, तर व्हेराक्रिप्ट ती फाइल एन्क्रिप्ट करत नाही. तिला पुसून तिच्या जागी रिकामी पेटी बनवतं. त्या खिडकीत अस्तित्वात नसलेलं, नवं नाव टाइप करायचं असतं.

एईएस (एन्क्रिप्ट करायची पद्धत) आणि एसएचए-५१२ (पासवर्डापासून किल्ली घडवायचं गणित, म्हणजे हॅश) आधीच निवडलेले असतात, तसेच राहू द्या. यादीतल्या सर्पंट, टूफिश किंवा तिघांच्या एकत्र साखळ्या पाहून जीभ चाळवते, पण त्या हळू आहेत आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी एकटं एईएसही पुरून उरतं. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरांत एईएससाठी वेगळी सोय असते, त्यामुळे पेटीतून फाइल उघडताना फरक जाणवत नाही.

आकार ठरवताना थोडा हात सैल सोडा. चौघांच्या घराची आधार, पॅन, पॉलिसी, बँकेची स्टेटमेंटं, सातबाराचे उतारे आणि मेडिकल फाइल २ जीबीत आरामात मावतात. त्यात फोटो घालायचे असतील तर २० जीबीपासून सुरुवात करा. 'टूल्स'मधल्या एक्स्पांडरने पेटी नंतर मोठी करता येते, पण आत एनटीएफएस (फाइली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) असेल तरच, आणि आधी बॅकअप घेऊनच. 'डायनॅमिक' नावाचा पर्याय दिसतो, जिथे पेटी माल भरेल तशी फुगते. हळू असते आणि मोकळ्या जागेचा हिशोब चुकवते, सोडून द्या.

शेवटच्या खिडकीत आकड्यांची एक ओळ सरसर बदलत असते आणि खाली एक पट्टी असते. माउस वेडावाकडा फिरवत राहा, पट्टी हळूहळू भरते. त्या हालचालीतून किल्लीसाठी यादृच्छिकता, म्हणजे कुणाला अंदाज येणार नाही असे आकडे, गोळा होते. पट्टी पूर्ण भरल्यावर 'फॉरमॅट' दाबा.

रोज उघडायची कृती याहून छोटी. मुख्य खिडकीत ड्राइव्हच्या अक्षरांची उभी यादी असते. एक अक्षर निवडा (आम्ही 'व्ही' धरू), पेटीची फाइल निवडा, 'माउंट' दाबा, पासवर्ड द्या. इथे काही सेकंद पट्टी फिरत राहते आणि नवख्याला वाटतं की अडकलं. अडकलेलं नसतं. तुमच्या पासवर्डावर व्हेराक्रिप्ट ५,००,००० वेळा एकच गणित करतं, म्हणजे पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्यालाही प्रत्येक अंदाजामागे तेवढाच वेळ मोजावा लागतो. कोणतं हॅश वापरलं आहे ते ठाऊक नसल्याने ते एकेक करून पाहतं. पासवर्डच्या खिडकीत एसएचए-५१२ स्वतः निवडलंत तर वाट पाहणं बरंच कमी होतं. 'पीआयएम'च्या चौकटीला हात लावू नका. तिथला आकडा म्हणजे पासवर्डाचाच दुसरा भाग, तोही विसरायला होतो.

काम झालं की 'डिसमाउंट'. नव्या आवृत्त्यांत याच बटणाला 'अनमाउंट' म्हणतात.

पासवर्ड: मराठी माणसाची खास अडचण

वीसपेक्षा कमी अक्षरं दिलीत तर व्हेराक्रिप्ट टोकतं. टोकणं रास्त आहे. जवळच्या माणसापुढे मुलाचं नाव, गाडीचा नंबर, कुलदैवत, सोसायटीचं नाव यातलं काहीही चालत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द मध्ये जागा सोडून लिहिणं, हा चांगला उपाय.

ते शब्द देवनागरीत लिहावेत असा मोह होतो, आणि साध्या पेटीला व्हेराक्रिप्ट ते चालवूनही घेतं. लिहू नका. 'पुऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका कळफलकावर तो नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून येतो, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, व्हेराक्रिप्टच्या लेखी दोन वेगळे पासवर्ड. आणि पासवर्डच्या चौकटीत तर तुम्हाला फक्त ठिपके दिसतात. घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेली पेटी ऑफिसच्या कळफलकावर उघडत नाही, ती अशाने.

म्हणून मराठी शब्द, पण रोमन अक्षरांत. त्यातही ज्यांचं स्पेलिंग दोन प्रकारे होतं ते टाळा. 'विळी'त आय घालायचा की डबल ई, 'आरसा'ला ए किती, हे सहा महिन्यांनी आठवत नाही. मोदक, बदक, परकर, टमटम असे एकाच तऱ्हेने लिहिता येणारे शब्द घ्या. (हे चार सोडून. आता ते छापले गेले.)

पेटीच्या बाहेर काय सांडतं

व्हेराक्रिप्टची गणितं पक्की आहेत. गळती होते ती विंडोजमधून, आणि जवळचा माणूस नेमका तिथेच पाहतो.

पहिली गळती मूळ फाइलची. सी ड्राइव्हवरची फाइल पेटीत 'कट-पेस्ट' केली की विंडोज तिची प्रत पेटीत बनवतं आणि मूळ नोंद पुसतं. मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तो फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने वर येतो. माल हलवून झाल्यावर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सायफर हा विंडोजचा स्वतःचा आदेश 'स्लॅश डब्ल्यू' पर्यायासह सी ड्राइव्हवर चालवा (cipher /w:C:). तो मोकळ्या जागेवर तीनदा लिहून जुनं पुसतो. मोठ्या डिस्कवर याला तास जातात, रात्री लावून झोपा. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर) मात्र याची खात्री देता येत नाही, कारण कुठला तुकडा कुठे लिहायचा ते एसएसडी स्वतः ठरवते. तिथे खरा उपाय एकच: नवा कागद पहिल्यापासून पेटीतच स्कॅन करा, आणि ब्राउझरला 'प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचार' असं सांगून डाउनलोड थेट व्ही ड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेली असतील तर तिथली कचरापेटीही रिकामी करा. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल ३० दिवस राहते.

दुसरी गळती नावांची. पेटी बंद केली तरी वर्डच्या 'रिसेंट' यादीत, फाइल एक्सप्लोररच्या पहिल्या पानावर आणि टास्कबारवरच्या चिन्हावर राइट-क्लिक केल्यावर फाइलचं नाव दिसत राहतं. फाइल उघडत नाही, पण नाव 'घटस्फोट अर्ज अंतिम' असेल तर उघडण्याची गरजच काय? पीडीएफ क्रोममध्ये उघडत असाल तर हिस्टरीत व्ही ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता असतो. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये 'प्रायव्हसी'खालच्या खुणा काढून 'क्लिअर' दाबा. विंडोजच्या 'पर्सनलायझेशन'मध्ये 'स्टार्ट'खाली अलीकडच्या फाइली दाखवणं बंद करा. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली रिसेंट डॉक्युमेंटांचा आकडा शून्य करा. आणि तरीही फाइलींना बेरकी नावं द्या.

तिसरी गळती तात्पुरत्या प्रतींची. वर्ड दर काही मिनिटांनी ऑटोरिकव्हरची प्रत तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पेटीबाहेर, टाकत असतं. 'सेव्ह'च्या पर्यायांत ती जागा व्ही ड्राइव्हवर न्या. फोटोंची चिमुकली चित्रंही विंडोज स्वतःकडे साठवतं. 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'थंबनेल्स'वर खूण करून ती अधूनमधून काढा.

उघडी राहिलेली पेटी

या साधनाची हीच दुखरी नस आहे, आणि नव्या माणसाला ती कुणी सांगत नाही. उघडलेली पेटी त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांना दिसते. तुम्ही 'स्विच यूझर' करून उठलात, मुलाने त्याच्या खात्यात लॉगिन केलं, की त्याच्या 'धिस पीसी'मध्ये तुमचा व्ही ड्राइव्ह हजर. खातं बदलल्याने पेटी बंद होत नाही.

यासाठी 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये आपोआप बंद होण्याच्या खुणा आहेत: लॉगऑफ झाल्यावर, सेशन लॉक झाल्यावर, स्क्रीन सेव्हर लागल्यावर, कॉम्प्युटर झोपी गेल्यावर, आणि इतकी मिनिटं काही वाचलं-लिहिलं गेलं नाही तर. यातली 'सेशन लॉक'ची खूण सगळ्यात मोलाची. विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबलं की पडदाही बंद आणि पेटीही बंद. उठताना ही दोन बोटं आपोआप पडली पाहिजेत. मिनिटांचा आकडा १० च्या आसपास ठेवा.

दोन गोष्टी नीट बघा. खाली घड्याळापाशी व्हेराक्रिप्टचं चिन्ह असलं पाहिजे. त्याचं 'बॅकग्राउंड टास्क' बंद केलंत तर या सगळ्या खुणा कागदावरच राहतात. दुसरं, पेटीतली फाइल वर्डमध्ये उघडी असेल तर पेटी बंद व्हायला अडून बसते. 'फोर्स'ची खूण केली तर अडत नाही, पण सेव्ह न केलेलं लिखाण जातं. आमचं मत फोर्सच्या बाजूने. कंट्रोल-एसची सवय लावून घेणं, उघड्या पेटीपेक्षा स्वस्त पडतं.

विंडोजमध्ये ब्लूटूथने फोन जोडून 'डायनॅमिक लॉक'ही लावता येतं, म्हणजे फोन लांब गेला की पडदा बंद. मोठ्या ऑफिसात ठीक. वन बीएचकेत तुम्ही स्वयंपाकघरात गेलात तरी ब्लूटूथला तुम्ही शेजारीच असता.

बॅकअप, पेन ड्राइव्ह आणि हेडर

पेटीत फाइली टाकल्या तरी पेटीच्या फाइलची 'बदलल्याची तारीख' बदलत नाही. व्हेराक्रिप्ट ती मुद्दाम जुनीच ठेवतं, पेटी केव्हा वापरली ते कुणाला कळू नये म्हणून. परिणाम असा की तारीख पाहून चालणारं बॅकअप सॉफ्टवेअर पेटीला हात लावत नाही, आणि डिस्क गेल्यावर कळतं की बॅकअपमधली पेटी पहिल्या दिवसाची, रिकामी आहे. प्रेफरन्सेसमधली 'प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टँप'ची खूण काढून टाका, आणि पेटी बंद असतानाच तिची प्रत घ्या.

पेन ड्राइव्हवर पेटी ठेवायची असेल तर तीही फाइल म्हणूनच ठेवा. अख्खा पेन ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलात की तो कुठल्याही विंडोजला कोरा, बिघडलेला वाटतो, आणि 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. घरातलं कुणीतरी भल्या बुद्धीने 'फॉरमॅट' दाबतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, त्याला आधी एक्सफॅट करा. आणि हे लक्षात असू द्या की पेटी वाचता येत नाही, पण डिलीट कुणालाही करता येते.

पेटीच्या सुरुवातीला 'हेडर' असतं, त्यातच खरी किल्ली पासवर्डाने बांधलेली असते. एक प्रत पेटीच्या शेवटीही असते. तरीही 'व्हॉल्यूम टूल्स'मधून हेडरचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. हा बॅकअप जपून ठेवायचा, कारण पासवर्ड बदलल्यावरही जुन्या हेडरने आणि जुन्या पासवर्डाने पेटी उघडते. कुणाला पासवर्ड कळला असा संशय असेल तर तो बदलून भागत नाही. नवी पेटी बनवा आणि माल हलवा.

'हिडन व्हॉल्यूम' म्हणजे पेटीतला चोरकप्पा, तोही यात आहे. बाहेरच्या पेटीत लिहिताना संरक्षणाची खूण विसरलात तर आतला कप्पा चिरडला जातो. घरगुती कामाला त्याची गरज नाही.

दुसरी साधनं

सेव्हन-झिप बऱ्याच जणांकडे असतंच. सेव्हन-झेड प्रकारात 'फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करा' ही खूण करून पासवर्ड दिला, तर मेलने पाठवायला ते उत्तम. रोजच्या वापराला नाही, कारण आतली फाइल डबल-क्लिक केली की तिची उघडी प्रत टेंप फोल्डरात पडते. गूगल ड्राइव्हवर ठेवायचं असेल तर क्रिप्टोमेटर बरं. ते प्रत्येक फाइल वेगळी बांधतं, त्यामुळे एक ओळ बदलली म्हणून २० जीबीची पेटी पुन्हा चढवावी लागत नाही.

'फोल्डर लपवा' जातीची सॉफ्टवेअरं घेऊ नका. त्यातली कित्येक फक्त फोल्डर दिसेनासं करतात, लिनक्सच्या पेन ड्राइव्हने सगळं दिसतं. हॉस्टेलांत पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी ती 'लॉकर' नावाची बॅच फाइल तर सोडूनच द्या. तिच्यावर राइट-क्लिक करून 'एडिट' केलं की पासवर्ड साध्या अक्षरांत समोर असतो.

क्रोमच्या वेगवेगळ्या प्रोफाइलांना लोक कुलूप समजतात. एकाच विंडोज खात्यात असतील तर एका क्लिकवर कुणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातो, आणि तिथे मेल उघडंच असतं. व्हेराक्रिप्टचा याच्याशी संबंध नाही, त्याला वेगळं विंडोज खातंच लागतं.

पडद्यावरची नजर हा तर आणखी वेगळा विषय. शिवनेरीत किंवा फर्स्ट क्लासच्या डब्यात काम करत असाल तर प्रायव्हसी फिल्टर घ्या. त्यात अतिबारीक उभ्या पट्ट्या असतात. समोरून दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांपलीकडे गेलं की पडदा काळा. मागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र सगळं दिसतं, आणि पडद्याचा उजेडही कमी होतो. मागवताना इंचांवर जाऊ नका, पट्टीने मोजा: १४ इंची १६:९ पडदा ३१ बाय १७.४ सेंटिमीटर भरतो, १४ इंचीच पण १६:१० असेल तर ३०.२ बाय १८.८. एकाचा फिल्टर दुसऱ्याला बसत नाही.

जिथे याचा उपयोग नाही

ज्याच्यापासून लपवायचं तोच त्या कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन असेल आणि त्याने कळा टिपणारं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर पासवर्ड त्याच्याकडे पोचतो आणि पेटी निरर्थक होते. त्या कॉम्प्युटरवर पेटी उघडूच नका, तुमच्या एकट्याच्या ताब्यातलं यंत्र वापरा. ऑफिसच्या लॅपटॉपवरही आयटी विभागाला विचारल्याशिवाय बसवू नका.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत 'ट्रॅव्हलर डिस्क' बनवून पेन ड्राइव्हवरून व्हेराक्रिप्ट चालवू म्हणाल, तर त्यालाही त्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, ते मिळत नाहीत आणि मिळाले तरी घेऊ नयेत. तिथे ज्या फाइलची प्रिंट हवी तेवढी एकच फाइल रिकाम्या पेन ड्राइव्हवर न्या. मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेब तिथे उघडावंच लागलं, तर प्रिंट झाल्यावर डाउनलोड्समधली फाइल शिफ्ट-डिलीटने काढा आणि दुकानातून पाय बाहेर टाकण्याआधी फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तो कॉम्प्युटर लॉगआउट करा.